फळी पडेपर्यंत

बारा म्हाताऱ्यांमागे एक बाई, रात्री तीही नाही,
हे मॅट्रननेच सांगितलं, न लपवता.
"तुमचे बाबा रात्री चालतात. वेगळा माणूस ठेवा."
वेगळा माणूस.
मामलेदार कचेरीत एकवीस वर्षं मी प्रतिज्ञापत्रं लिहिते,
पण ह्या दोन शब्दांचा मसुदा
कुठून सुरू करायचा, ठाऊक नव्हतं.

एजन्सीने तिघांना घरी पाठवलं.
पहिला पगार ऐकून उठला.
दुसऱ्याने विचारलं, तिथे टीव्ही आहे का.
त्यात तसं वाईट काही नव्हतं.
तिसरा निंगप्पा, हल्याळचा,
चपला दाराबाहेर जोडून ठेवणारा,
पिशवीत तीन शिफारसपत्रं, प्लॅस्टिकच्या आवरणात.
चांदोरचे भाटकार, चार वर्षं.
म्हापशाचे पोस्टमास्तर, दीड वर्ष.
फोंड्याचे एक शेट, सात महिने.
प्रत्येक पत्र एका मरणापाशी येऊन थांबलेलं.
मी लिस्बनला फोन लावला, भाटकारांच्या मुलीला.
ती म्हणाली, शेवटच्या दिवशी तो रडला.
मग थोड्या वेळाने: आम्ही नंतर.

मी प्रश्न लिहून ठेवले होते.
पोलीस पडताळणी, आधारची प्रत,
महिन्याला दोन सुट्ट्या, जेवण कुणाचं.
डायपर बदलणार का, हे मी
त्या परक्या शब्दाच्या आड उभी राहून विचारलं.
तो म्हणाला, "तेच तर काम, बाय."
मग त्याने विचारलं,
बाबा कुठल्या कुशीवर झोपतात?
पेजेबरोबर काय लागतं?
पहिल्याचं उत्तर मला येत नव्हतं.
दुसऱ्याला मी आईची आवड सांगितली.

बाबा खिडकीशी.
छत्तीस वर्षं चोडण–रायबंदर फेरीवर खलाशी.
नावं गेली, माझंही गेलं,
तळहातावरचे दोरखंडाचे घट्टे राहिले.
निंगप्पा त्यांच्याकडे निघाला
तसा त्यांनी हात आडवा केला:
"फाटीं सर रे. फळी पडूंक ना आजून."

अशा वेळी आम्ही काय करतो ते मला पाठ आहे.
बाबा, इथे फेरी नाही. बाबा, हे घर आहे.
भाऊ कुवेतहून व्हिडिओवर तेच सांगतो, ओरडून,
जणू त्यांना फक्त ऐकू येत नाही.

निंगप्पा दोन पावलं मागे सरला.
उभा राहिला,
फरशीकडे बघत, जिथे पाणी असायला हवं तिथे.
शेजारी कुणाचा कुकर झाला,
एक शिट्टी, मग दुसरी.
बाबांचा हात सावकाश खाली आला.
"आतां यो."
तो गेला.

करार मीच लिहिला, मराठीत.
घरात आमची कोंकणी, कागदावर मराठी,
त्याची रात्री फोनवरची कन्नड.
सव्वीस हजार, त्यातले अर्धे भावाचे,
पहिला महिना दोन्ही बाजूंनी पारखायचा.
'दोन्ही बाजूंनी' त्याने घालायला लावलं.
सही झाल्यावर सवयीने माझा हात
शिक्का शोधत राहिला.

रविवारी दोघांना टेकडीवर पोचवलं.
परतताना फेरीत मी स्वतःला बजावत होते,
सोडलं नाही, सोय केली.
'सोय' नदीच्या मध्यापर्यंत टिकली.

आता रोज फोनवर वहीचं एक पान येतं,
त्याच्या वाकड्या देवनागरीत:
"रात्री ३.४० उठले. दोरी मागितली.
माझी लुंगी दिली. पलंगाला बांधली, गाठ चांगली.
बोट लागली म्हणाले. झोपले. डावी कूस."

भाऊ विचारतो, रुळले का?
मी पान तसंच पुढे पाठवते.
समोर रहिवासी दाखल्यासाठी कुणी उभं असतं,
खिडकीतून हात आत घातलेला.
मी म्हणते, थांबा जरा.