शेऱ्याचा रकाना

पीएचडीच्या नंतरही शिकतात का,
गवारगुरू सरांनी विचारलं, चष्मा कपाळावर सारून.
शिकतात, म्हटलं. दोन वर्षांची फेलोशिप आहे.
विषय ऐकून ते थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिले,
मग किल्ल्यांचा जुडगा काढून म्हणाले,
लिंगभाव वगैरे काही नाही आपल्याकडे,
जुनी रजिस्टरं आहेत.
वाळवीनं सोडली तेवढी बघा.

अडाण नदीच्या अलीकडचं कॉलेज, स्थापना चौसष्टची.
पहिल्या वर्षी एकशे बारा नावं,
त्यात कु. अकरा.
निळी शाई, कारकुनाचं ऐटबाज अक्षर,
आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा:
लग्न झाले.
लग्न झाले.
सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.
लग्न ठरले. (आधी 'झाले' लिहून खोडलेलं.)
सुभद्रा कुळसंगेपुढे काहीच नाही,
नुसती रेघ.

चार दिवस मी बेरजा केल्या.
जात, गाव, कॉलेजपासूनचं अंतर, टक्के.
पाचव्या दिवशी दुपारी मला जायचं होतं
आणि बायकांच्या संडासाला कुलूप.
नॅकवाले आले की उघडतो, शिपाई म्हणाला,
तुम्ही रस्त्यापल्याड गिरजाबुढीकडं जा ना मॅडम,
साऱ्याच जातात.
'साऱ्याच जातात' हे मी वहीत टिपलं नाही.
घाई होती.

गिरजाबाई मनवर. ब्याऐंशीच्या पुढे कुठेतरी.
परसात आता घरकुलातलं पक्कं, पांढरी टाइल.
बाहेर आले तर ती खाटेवर तूर निवडत बसलेली.

चौसष्टच्या सालापासून येतात पोट्ट्या, ती म्हणाली.
तवा तुराट्याचा आडोसा होता, मंग पोत्याचा पडदा, मंग टिना.
तीन-तीन मैल पायी येत, दिवसभर पानी नाई पेत.
कायले पेतीन? जाले जागा कुठी होती?
म्या म्हनलं, या वं माय,
तुराट्या उभ्याच हायेत.

नावं आठवतात?
तिनं अकराच्या अकरा सांगितली.
रजिस्टरच्या क्रमानं नव्हे;
कोण लाजे, कोण रडे, कोणाची पाळी इथंच पहिल्यांदा आली, त्या क्रमानं.
देशमुखाची कुसुम माह्या हातचं पानी नाई पेली तीन वर्स.
आडोसा चाले तिले.
ती हसली, एक खडा वेचून फेकला.
सुभद्रा मांगून येनारीसाठी घागर भरून ठिवे.
अन् मथुरा इथंबी नाई ये, भेव वाटे तिले बाचं.
दाबू-दाबू आजारी पडली. मंग आलीच नाई.

मथुरा. अनुक्रमांक एकोणतीस. सतत गैरहजर.

अन् एक पोट्टं ये.
पोरायच्या तिकडं गेलं का मारत त्याले.
बायायच्या मांगं उभं राहे, आपली पाळी येईपावतर.
थो म्हन का थे म्हन, म्या कई इचारलं नाई.
नाव मंजुळदास. पोट्ट्या मंजुळा म्हनत,
मंग लय गोड हासे.

तिनं तांब्या पुढे केला. पानी पेशीन?
तेव्हा ध्यानात आलं,
सकाळपासून मीही घोटभर पाणी प्यायले नव्हते.
फिल्डवर निघाले की मी पीतच नाही.
कधीपासून, ते आठवेना.
तांब्या रिकामा केला. दुसरा मागितला.

परत येऊन पानं उलटली.
क्रमांक सत्तेचाळीस, श्री. मंजुळदास,
बापाचं नाव वाळवीच्या पोटात.
शेरा: वर्तणूक ठीक नाही.

बाहेर यष्टीचा हॉर्न, पाच वाजलेले.
गवारगुरू सर खिडक्या लावत होते.
सापडलं का मॅडम काही?

सर, म्हटलं,
त्या संडासाची किल्ली
कोणाकडे असते?