पिलबाग

आज फळा नको म्हटलं.
अंगणात, पोषण आहाराच्या चुलीतली राख घेऊन
दोन रिंगणं काढली,
एक वनस्पतींचं, एक प्राण्यांचं.
चौथीला सांगितलं, सुटीत सापडेल ते आणा,
जिवंत हवं, मारायचं नाही,
आणि ज्याला त्याला आपापल्या घरी नेऊन सोडा.

सुकीच्या आटलेल्या पात्रातून, शेराच्या कुंपणातून,
पंपामागच्या ओलीतून मुलं आली.
यामिनी फिरकेच्या हातात लिंबाची डहाळी.
तोडली म्हणजे मेली का बाई, विचारलं
आणि उत्तराआधीच रडायला लागली.
रुबाब तडवीनं ओंजळीत बेडूक आणला होता.
बेडकानं राखेची रेघ काही मानली नाही,
एका उडीत वनस्पती झाला,
दुसऱ्या उडीत शाळेबाहेर.
गोगलगाय मात्र रेघेपाशी आली
आणि शिंगं आत घेऊन थांबली.
राखेवरून ती जात नाही,
हे मला ठाऊक नव्हतं. वर्गाला होतं.

मग लोकेश भंगाळे आला,
खांद्यावर केळीचं पील,
बुडाला माती, पानाची सुरळी अजून मिटलेली.
सरळ प्राण्यांच्या रिंगणात नेऊन टेकवलं.
"केयीले त पिलं होतात, बाई.
झाडाले होतात का?"

वर्ग हसला. मीही हसणार होते,
पण जिभेवर आलेलं वाक्य त्याच्या कामाचं नव्हतं :
केळ झाडसुद्धा नाही, बाळा,
ते खोड म्हणजे नुसती
एकमेकींना मिठी मारून उभी पानं.
त्यापेक्षा म्हटलं, नावावर जाऊ नये रे,
कांदेबागेत कुठे कांदा असतो?
मृगबागेत कुठे हरणं?
"पण पिलबागेत पिलं असतात," तो म्हणाला,
घड उतरला की मोठी कापायची,
पिलू ठेवायचं, पाणी द्यायचं,
असं दर साली पाहिलेल्या आवाजात.

गेंदा बारेला तेवढा वेळ दूर उभी होती.
तिचे आईबाप सातपुड्यातून उतरतात,
या गावचे घड ट्रकपर्यंत वाहतात,
कापणी सरली की वर जातात.
तिला मराठी कळते, बोलावीशी वाटत नाही.
सडलेल्या केळखांबावरून तिनं
बोटभर उंचीची पांढरी छत्री उचलून आणली होती.
या रिंगणाकडे पाहिलं, त्या रिंगणाकडे पाहिलं,
चुलीपाशी जाऊन मूठभर राख आणली,
आणि तिसरं रिंगण काढलं,
लहान, थोडं वाकडं,
छत्री मावेल एवढंच.

बुरशीचा धडा पुढच्या वर्षी आहे.
मी टाळ्या वाजवायला सांगणार होते,
पण ती परत कुंपणाशी जाऊन उभी राहिली होती.

संध्याकाळी ऑफिसात माहिती भरायला बसले.
नाव, जात, संवर्ग, कायम, स्थलांतरित.
राख रेघांमध्ये सांडत नाही इथे,
माऊसनं एकच खूण करायची असते,
दोन केल्या तर पान पुढे जात नाही.

वाऱ्यानं रात्रीत अंगण पुसून काढलं.
पील आडवं पडलं होतं, ते आम्ही हातपंपाच्या
सांडपाण्यावर लावलं, कुणाच्या रिंगणात ते आता
कुणालाच सांगता आलं नसतं.

घटक चाचणीत लोकेशनं लिहिलं :
केळ, वनस्पती. बरोबर, एक गुण.
बाजूच्या समासात पेन्सिलनं,
"पण पिलं होतात."
त्याला मी अर्धा दिला.
गुणपत्रकात अर्ध्याला जागा नव्हती, पूर्ण करावा लागला.

गेंदाचा पेपर कोराच आहे,
नाव मी टाकलेलं.
बाग कापून झाली.