गुरुवारी वीज नसते

भोसरीत गुरुवारी वीज नसते.
म्हणून गुरुवारी आम्ही गाडीला दोरा बांधायचो,
दोन्ही बाजूंनी, चार घोड्यांवर ताणून,
आणि नेर्लेकर गुडघे टेकून पोलादी पट्टीने
रिमपासून दोऱ्यापर्यंतचे मिलिमीटर वाचायचे,
मोठ्याने, पाढे म्हणावेत तसे.
मी लिहून घ्यायचो. लेथ बंद, हात रिकामे.

नंबर एक्केचाळीस.
इंजिन मोटरसायकलचं, जुन्या बाजारातलं.
चासी आमची, वेल्डिंग विल्यमचं,
उधारी सगळ्यांची.
तिसरा गिअर सुटायचा.
नेमका तिथे, जिथे तो लागतो.

पहिल्या फेरीला कोइमतूर.
खंबाटकीत टेम्पोच तापला.
गाडी वर निवांत, ताडपत्रीखाली,
लग्नाला नेलेल्या आजारी मामासारखी.
सरावात सात लॅप, शर्यतीत दोन.
दुसऱ्या फेरीत अकरा.
तिसऱ्या फेरीत पाण्याचा पाइप फुटला, रांगेतच.
चौथीला गेलोच नाही :
टायरचे पैसे आणि विल्यमच्या मुलीची फी
एकाच आठवड्यात आली.
वहीत मी तिथे नुसती रेघ मारली.

चालवायची यास्मिन तांबोळी.
एरवी चाकणला, क्वालिटीत, खिशात व्हर्नियर.
उतरली की हेल्मेटच्या आतूनच सांगायची,
"पाचव्या वळणाला मागून हलते."
चांगली आहे, असं कधी म्हणाली नाही.
वाईट आहे, असंही नाही.
एकदा फक्त गाडीच्या नाकावर हात ठेवून म्हणाली,
"हिला ऐकू येतं. पण उशिरा."

शेवटच्या फेरीआधी मी गिअरच्या दांड्याला
नवा बुश काढला, फॉस्फर ब्रॉन्झचा.
दोन काढले. एक चुकला तर असावा.
बुधवारची रात्र होती, वीज जायच्या आत
मापात आणायचे होते.
केसाच्याही चौथाईसाठी
एकोणतीस वर्षं मी एका मशीनपाशी उभा आहे.

सरावात तिसरा गिअर टिकला.
आम्ही कोणी काही बोललो नाही.

तेवढ्यात शेजारच्या पिटमधून एक पोरगा आला,
होसूरच्या टीमचा, हातात आमच्यासारखाच दांडा
आणि चिरलेला बुश.
नेर्लेकरांनी माझ्याकडे पाहिलं.
दुसरा बुश माझ्या खिशात होता, फडक्यात.
मी दिला. त्यात काय.

नवव्या लॅपला आमचा तिसरा गिअर सुटला.
ते जिंकले.

संध्याकाळी पोरगा परत आला. बुश धुऊन,
वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन्ही हातांनी दिला.
मी उजेडात धरला. आतून सगळीकडे सारखी चकाकी.
मग आमचा काढला :
एका बाजूने खाल्लेला, चंद्रकोरीएवढा.
म्हणजे बुश बरोबर होता.
वाकडं दुसरंच काही होतं,
आणि ते आम्ही वर्षभर
शर्यतीला नेऊन आणत होतो.

परतीच्या वाटेवर, हुबळीच्या पुढे कुठेतरी,
विल्यम म्हणाला, "मागचा माउंट. ती शिवण माझी."
कोणी काही बोललं नाही.
यास्मिनने त्याला भाजलेले शेंगदाणे दिले.

आज गुरुवार.
दोरा ताणलाय, यास्मिनने एक टोक धरलंय,
शटर अर्धं वर, उजेड पुरेसा.
"साडेतीन," नेर्लेकर वाचतात.
मी लिहितो.
"पुन्हा वाचा," विल्यम म्हणतो.