ओळ ८४६

फाईल उतरायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.
चार एमबी.
दीड हजार माणसं, प्रत्येकाच्या नावाने दोनशे बारा रकाने,
नावाचा रकाना तेवढा नाही.

त्याआधी खातं उघडलं, पासवर्ड दोनदा चुकला.
"वापराचा उद्देश" विचारला तेव्हा "संशोधन" निवडलं,
कारण "इतर" म्हटलं की खुलासा मागतात.
शेवटी एक चौकट:
कोणत्याही उत्तरदात्याची ओळख पटवण्याचा प्रयत्न करणार नाही.
टिचकी मारली. सगळेच मारतात.

बिश्केकमध्ये मार्च. खिडकीखाली बर्फाचा काळा राडा,
आतल्या खोलीत धाकटा गणितं घोकतोय.
मी कोडबुक उघडते, पान सत्तावन्न:
९८ म्हणजे सांगता येत नाही,
९९ म्हणजे उत्तर नाकारलं.
मग मुलाखतकाराच्या रकान्याला गाळणी लावते. बारा.
बारा म्हणजे मी,
एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची, बावीस वर्षांची,
बहिणीच्या बुटांत, फॉर्ममागे पंधरा सोम.

प्रयत्न केलाच नाही. ओळच समोर आली.
स्त्री, वय एकसष्ट, ग्रामीण, नारीन प्रांत,
घरात माणसं सात, मेंढ्या शून्य.

उपोल-आपा.
खिंडीपलीकडचं शेवटचं घर. गोवऱ्यांचा धूर,
जर्दाळूचा मुरांबा, आणि प्याला अर्धाच भरलेला,
कारण आमच्यात भरला प्याला म्हणजे पाहुण्याने उठावं.

प्रश्न एकतीस: गेल्या पाच वर्षांत तुमचं आयुष्य
सुधारलं, बिघडलं, की आहे तसंच?
ती म्हणाली, विचारतंय कोण?
म्हटलं, विद्यापीठ.
म्हणाली, त्याचं कसं चाललंय?
फॉर्मात याला जागा नव्हती.
मग हाताला धरून मला मागच्या वाड्यात नेलं.
कोकरं बांधायचा लांब दोर, चाळीस फासांचा,
वेटोळं करून खुंटीला, चरबी चोळून मऊ ठेवलेला.
तो तिने माझ्या हातात दिला.
परत घेतला.

मी ९९ ला गोल केला.

एवढ्यावर भागलं असतं तर ही ओळ विसरलेही असते.
दिवे गेले. शेवटचं पान राहिलं होतं,
आणि बाहेर जीपवाला भोंगा वाजवत होता.
अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये भरले,
मांडीवर: तीन, तीन, तीन, तीन,
मध्ये एक दोन, खरं वाटावं म्हणून,
तीन, तीन.
"काही अंशी सहमत."

जसेच्या तसे आहेत. दोनसुद्धा.
भाराच्या रकान्यात तिच्यापुढे १.३७,
म्हणजे उपोल-आपा एक, आणि वर थोडी,
न बोललेल्या बोलांसकट.
बर्गनला किंवा सोलला, कुणाच्या तरी आलेखात
त्या बसचा हिसका असेल,
रेघेच्या जाडीहून बारीक.

मदतकक्षाला लिहायला बसले.
कृपया ओळ ८४६, प्रश्न ६८ ते ७४ रिकामे करावेत.
कारण?
कारण लिहिलं की ओळख पटते,
तिची नव्हे, बारा नंबरची.
लिहिलं.

मग वाटलं, एकतीसचंही सांगून टाकावं.
तिथे ९९ नको, तिने उत्तर दिलं होतं.
पण त्याजागी कोणता आकडा घाला म्हणू?
पान सत्तावन्न पुन्हा वाचलं,
अठ्ठावन्नही.