दहावा भाग

आमच्या सोलापुरात समुद्र नाही.
नळाला पाणी यायचं चौथ्या दिवशी,
तेही रात्री दोनला, हंड्यांच्या रांगेत भांडणं लावून.
तरी मिलच्या बंद फाटकासमोर, ताडपत्रीखाली
एकशे चाळीस दिवस
एक गलबत उभं होतं.

वीरभान तांडेल त्याचं नाव. कप्तानाचं.
साखर पेठेतल्या वाचनालयाची पुस्तकं, दिवसाला चार आणे भाडं,
मुखपृष्ठावर फाटकं शीड
आणि कुणीतरी शाईनं काढलेल्या मिशा.
एकूण भाग दहा.

वाचायचे मल्लेशम येमूल, साचेखात्यातले.
मागांच्या खडखडाटानं कान गेलेले,
म्हणून ओरडूनच वाचायचे;
ऐकणारेही निम्मे बहिरे,
त्यामुळे तोफा सगळ्यांना नीट ऐकू जायच्या.

मी बाबांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जायची
ती अंधार पडेपर्यंत परत यायची नाही.
आई घरी विड्या वळत बसलेली,
सूप मांडीवर, नखं तंबाखूनं पिवळी.
मान वर न करता विचारायची,
"जिंकला का तुमचा तांडेल?"
"नाही. पण बुडाला नाही अजून."
"मग वळ तू पण शंभर."

खरंच, नऊ भागांत तो एकदाही जिंकला नाही.
डोलकाठी गेली, डावा डोळा गेला,
धाकटा भाऊ फितूर झाला.
पण प्रत्येक भागाची शेवटची ओळ तीच:
वारा पडला होता. तांडेल उभा होता.

पुढं पुढं तो फाटकावरचा रामरामच झाला.
ज्यानं काल पितळी घंगाळ विकलंय तो म्हणायचा,
"वारा पडलाय बे."
"उभा हायस का पण?"
"उभा हाय की."

नव्वदाव्या दिवशी निम्मी माणसं भिवंडीला गेली.
रात्री मागच्या दारानं ट्रक निघायचे,
ताडपत्रीखाली सुटे केलेले माग.
आवाजावरून बाबा नंबर सांगायचे:
हा माझा. हा कुरापाटीचा.

आणि दहावा भागही
कुणीतरी भाड्यानं नेला तो भिवंडीलाच घेऊन गेला.

तेव्हा मल्लेशम मामांनी नववाच भाग पुन्हा उघडला,
पान तेच, पन्नास दिवस,
आणि दहावा वाचून दाखवला.
गलबतावरचा आचारी ज्वारी दळायला लागला,
खलाशी अधूनमधून तेलुगूत शिव्या द्यायला लागले,
शत्रूच्या सरदाराला आमच्या मॅनेजरसारखं
दर वाक्याला नाक ओढायची सवय लागली.
पान उलटत नाही हे सगळ्यांना दिसत होतं.
कुणी काही बोललं नाही.

हरलो. हे सांगायलाच हवं.
नोटीस लागली, ताडपत्री मंडपवाल्यानं परत नेली.
मामा एका मंगल कार्यालयात वॉचमन झाले,
लोकांच्या चपला सांभाळता सांभाळता गेले.
चिमणी पाडली त्या दिवशी बाबा
दाढी करत होते. करत राहिले.

मागच्या महिन्यात मंगळवार पेठेत
रद्दीच्या दुकानात, शिवणकामाच्या मासिकांखाली
दहावा भाग सापडला.
उन्हात उभ्यानंच वाचला.
एकतिसाव्या पानावर तांडेल शरण जातो.
त्याला माफी मिळते, टेकडीवर बंगला, पेन्शन,
आणि शेवटी तो गुलाबांना पाणी घालतो.
रोज पाणी.

घरी आणला. बाबा एक्क्याऐंशीचे,
दिसत नाही, मुखपृष्ठ बोटांनी चाचपलं,
"काय आहे गं यात शेवटी?"

"पानंच नाहीत, बाबा. वाळवीनं खाल्लीत."

"असू दे," म्हणाले. "पुढचं मला ठाऊक आहे."
उशीला टेकून ताठ बसले, घसा खाकरला
आणि इतक्या मोठ्यानं सुरू केलं
की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
तोफा झाल्या. भाऊ परत आला. आचाऱ्यानं भाकरी थापली.
"वारा पडला होता,"
एवढं म्हणून ते थांबले

आणि माझ्या दिशेनं
कान करून बसले.