पाचवं बेट

कार्तिक सरला की वैनगंगा उघडी पडते
आणि रेतीची पाच बेटं वर येतात,
डुंबून उठलेल्या म्हशींच्या पाठींसारखी.

मी तेव्हा भूमिअभिलेखात, साखळी धरायला.
अलीकडे सावलटोला, पलीकडे वडेघाट,
जिल्हे दोन, मधे डांगरवाड्या,
आणि तहसिलीत तीन खटले.

बेटांना नावं होती :
थोरलं, टिटवीचं, मेल्या म्हशीचं, उंबराचं
(उंबर कधीचा वाहून गेला).
पाचव्याला नाव नव्हतं,
भांडण त्याचंच जास्त.

सावलटोल्याचा मुखरू पचारे म्हणाला,
माझ्या आज्यानं इथं पहिली आळी खोदली.
वडेघाटची बायजा नान्हे हसली :
"तुह्या आज्याची रेती कईचीच गेली समुद्रात.
हे नवी होय. हे माही."

साहेबांनी इंग्रजांच्या वेळचा नकाशा उघडला.
हद्द म्हणजे नदीची खोल धार,
एवढंच त्यात होतं. धार कुठली, ते नव्हतं.

मुखरूनंच डोंगा ढकलला.
बांबू बुडवत गेला :
गुडघा, गुडघा, कंबर, गुडघा,
मग बांबू मुठीपर्यंत आत.
पाचवं अजून वीस हात पुढंच होतं.
तिथं थांबून तो खोटं बोलू शकला असता;
काठावरून आम्हाला काय कळणार होतं.
"धार इथी आहे जी," तो ओरडला,
आणि बराच वेळ परत आला नाही.

दुपारी भाकरीखालच्या कागदावर बातमी होती :
दूर कुठल्या समुद्रात अशीच चिमुकली बेटं,
उष्णकटिबंधातली, आपल्यासारखीच,
आणि भोवती तीन देशांच्या बोटी.
मी वाचून दाखवली.
"तेथी डांगर होते का?" बायजानं विचारलं.
नाही म्हटलं, माणूसही राहत नाही. झेंडे लावतात.
"मंग खातेत काय?"
मुखरू तेवढं मात्र हसला.
तिनं शेणखताचा एक टोपला
न बोलता त्याच्या डोंग्यात ठेवला.

मी खुंट्या ठोकल्या, चुना टाकला,
रकान्यात लिहिलं :
बेट क्रमांक पाच, पोटखराब.
त्या उन्हाळ्यात पोटखराबातून
बारा बैलगाड्या डांगरं निघाली.

पुढच्या कार्तिकात गेलो
तर बेटं चारच होती.
मुखरू आणि बायजा एकाच डोंग्यात बसून
पाण्यात बांबू घालत होते,
आता असेल, इथंच असेल, म्हणत.

तहसिलीत पाचव्याची तारीख
अजून पडते.