दुसरी सही

दर फेब्रुवारीत आमची परीक्षा असते, औषधांच्या मापांची.
शंभरपैकी शंभर हवेत. नव्व्याण्णव म्हणजे नापास.
हे शाल्मलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
"बाबा, तुलासुद्धा?"
आणि पहिल्यांदाच माझ्याकडे
बाकावरच्या शेजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

तोवर आमच्या घरात गणित म्हणजे
जेवणाआधीचं भांडण.
सात आठे किती, यावर वरणभात गार व्हायचा.
मी सांगून पाहिलं: गणित आलं की इंजिनिअर होता येतं,
दुकानात कुणी फसवत नाही,
चंद्रावरसुद्धा जाता येतं.
तिला मोरकमच्या वाळूपलीकडे कुठंच जायचं नव्हतं.
मग मी पानभर बेरजा दिल्या, शिक्षा म्हणून.
मलकापूरच्या शाळेत माझ्या तळहातावर
जी पट्टी तुटली होती,
तिचा एक तुकडा कस्टमला न दाखवता
मी इथवर आणला होता.

परीक्षेच्या आदला रविवार. खिडकीबाहेर ओहोटी,
पाणी इतकं आत गेलेलं की समुद्र ही अफवा वाटावी.
मी म्हटलं, वॉर्डात औषध एकट्यानं देत नाहीत.
दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा कागद न बघता.
उत्तर जुळलं तरच सिरिंज भरायची.
आज ग्लेनिस नाही.
दुसरी सही तू कर.

पहिलं बाळ सहा पूर्णांक चार किलोचं.
किलोला पंधरा मिलिग्रॅम.
पंधरा सक नव्वद, मी पुटपुटलो;
पाळीवर जीभ इंग्रजी बोलते,
बोटं अजून मराठीतच मोजतात.
"आणि उरलेल्या चाराचे?"
ती ओठांत, बोटांवर, पेन्सिलीच्या टोकावर मोजत राहिली.
मी बोललो नाही. मला फार कठीण गेलं ते.
"सहा," ती म्हणाली. "सगळे मिळून शहाण्णव."

मध्येच दीड आला. तो तिला आवडला.
एवढ्याशा शब्दात अर्धा मावतो?
मग अडीच, मग पावणेदोन,
माझे वडील कापड फाडता फाडता
न थांबता म्हणायचे, तसे सगळे तिनं म्हणून घेतले.

माझ्या कागदात मी एक चूक मुद्दाम पेरली होती,
शहाण्णवच्या जागी शहाऐंशी.
तिनं दोन काढल्या.

"हे पाचवं बाळ बत्तीस किलोचं?" ती हसत सुटली.
"बाबा, मीच सत्तावीसची आहे!
ह्याला पाळण्यात कोण ठेवणार, क्रेन?"

मला हसता आलं नाही.
तीन आणि दोन यांच्यामधला टिंब,
मुंगीच्या डोक्याएवढा,
मी लिहिलाच नव्हता.
गुणाकार बरोबर. भागाकार बरोबर.
कागदावर ते बाळ मेलं होतं
आणि उत्तराखाली मी नीट दोन रेघा मारल्या होत्या.

हे तिला सांगितलं नाही. नऊ वर्षांची आहे.
फक्त म्हटलं, टिंब दे.
तिनं दिला, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून.

सात आठे अजूनही कधी कधी चौपन्न होतात.
गणित आवडतं का विचारलं, तर खांदे उडवते.
पण रात्रपाळीला निघालो की
एकाच पायात मोजा घालून दारात येते.
"आज ग्लेनिस आहे ना?"
आहे.
"ती बाळाकडे बघते, की नुसती आकड्यांकडे?"

विचारतो, म्हटलं.
आणि विचारलं.